थॉर्न्टनरावांचा फेटा

आमच्या गटात मध्यंतरी अबोला होता. कारण एकच: जॉन थॉर्न्टनला फेटा बांधायचा की पागोटं.

पाडव्यासाठी चित्र काढायचं होतं. आमच्याकडे असा रिवाज पडलाय की सण आला की त्याला शोभेल असा कादंबरीतला एक इंग्रज निवडायचा आणि त्याला आपल्या घरात आणून बसवायचा. संक्रांतीला एलिझाबेथ बेनेटला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घातले. कोजागरीला कर्नल ब्रँडन दूध आटवत बसला, कारण तेवढा धीर बाकी कुणाला नाही. गटारीला कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. विकहॅम.

पाडव्याला गुढी थॉर्न्टन उभारणार हे एकमतानं ठरलं. उंच आहे, स्टूल लागणार नाही. मी त्याचा काळा कोट तसाच ठेवला आणि डोक्यावर तुरेदार गुलाबी फेटा काढला. पाठवला. पाच मिनिटांत ठाण्याच्या ताईंचा निरोप आला. ताई शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्यात. निवृत्त शाळेतून, इतिहासातून नव्हे. "१८५४ सालचा गिरणीमालक मुंबईत आला तर पागोटं घालेल. असला फेटा हल्ली लग्नात वाढपी बांधतात." मी लिहिलं, "ताई, मँचेस्टरचा माणूस डोंबिवलीत गुढी उभारतोय हे चालतं आणि फेटा चालत नाही?" त्यावर नुसत्या दोन निळ्या खुणा आल्या. त्या निळ्या खुणांत काय काय सांगता येतं, हे ज्यांनी ताईंच्या हाताखाली सहामाही दिली असेल त्यांनाच कळेल.

थॉर्न्टन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीबीसीनं २००४ साली 'नॉर्थ अँड साउथ' नावाची चार भागांची मालिका काढली. एलिझाबेथ गॅस्केल या मँचेस्टरच्या पाद्रीणबाईंची कादंबरी. डिकन्सच्या साप्ताहिकात १८५४ च्या सप्टेंबरपासून क्रमशः आलेली. दक्षिणेतल्या हिरव्यागार खेड्यातली मार्गारेट हेल आईवडिलांबरोबर उत्तरेतल्या मिल्टन या गिरणगावात येते आणि तिथल्या गिरणीमालकाशी तिचं भांडण होतं. मिल्टन हे नाव काल्पनिक, आतलं सगळं मँचेस्टर. हा मालक म्हणजे थॉर्न्टन, म्हणजे रिचर्ड आर्मिटेज, म्हणजे चार तास कपाळाला आठी आणि शेवटच्या चार मिनिटांत एक हसू. त्या हसण्यासाठी मी ही मालिका बारा वेळा पाहिली आहे. घरात विचारलं तर चार सांगते.

आम्ही सगळे मिळून आठजण. ताई झाल्या. नाशिकच्या वहिनी रांगोळीत चेहरे काढतात. न्यू जर्सीची माझी भाची कॉम्प्युटरवर चित्रं करते आणि आमच्या झोपेच्या वेळी पाठवते. एक मामा आहेत, माझे सख्खे, मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. ते फक्त आगगाड्यांसाठी गटात आहेत. आणि माझी नणंद. ती डार्सीपंथी, मी थॉर्न्टनपंथी. पूर्वी गावात शैव आणि वैष्णव एकाच विहिरीवर पाणी भरायचे, तसं आमचं चालतं.

डार्सीपंथाचं आद्यपीठ म्हणजे १९९५ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', त्यात कॉलिन फर्थ, आणि त्यात ते तळं. डार्सी तळ्यात उडी मारतो आणि ओल्या सदऱ्यानं एलिझाबेथसमोर येतो. जेन ऑस्टेनच्या पुस्तकात ना तळ्यातली उडी, ना ओला सदरा. हे सगळं पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांच्या कृपेनं. गंमत म्हणजे तो पाण्यातून बाहेर येताना मालिकेतही दिसत नाही. उडी दिसते, थोडं पाण्याखालचं दिसतं, मग थेट चालत येताना. पण माझ्या नणंदेला विचारा, ती शपथेवर सांगेल की तो निथळत वर आला होता, सूर्य डावीकडे होता. २०१३ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात डार्सीचा बारा फुटी पुतळा उभा केला, तोही नेमका पाण्यातून वर येतानाचा. म्हणजे लाखो लोकांनी न पाहिलेलं आठवलं आणि कुणीतरी ते फायबरग्लासमध्ये ओतलं. भाचीनं त्याचा फोटो पाठवला तेव्हा माझे हात आपसूक जोडले गेले. माझं माहेर लालबागचं. कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली भव्य मूर्ती दिसली की आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

त्या उडीचं गुपित मीच गटात फोडलं होतं. उडी फर्थनं मारलेलीच नाही. तळ्याच्या पाण्यातून वाइल्स डिसीजचा धोका होता, म्हणून उडीसाठी दुसरा माणूस आणि पाण्याखालचा तुकडा स्टुडिओतल्या टाकीत. वाइल्स डिसीज म्हणजे उंदरांच्या लघवीतून होणारा आजार. म्हणजे आपला लेप्टो. दर पावसाळ्यात महापालिका ज्याच्यासाठी साचलेल्या पाण्यात उतरू नका म्हणून कळवते तो. नणंद दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी दुसरा बॉम्ब टाकला: लिव्हरपूल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना नर उंदराच्या मुतात एक प्रथिन सापडलं, त्याच्या वासानं मादी त्या नराकडे ओढली जाते. २०१० साली त्याचं नाव ठेवलं 'डार्सिन'. हो, त्याच डार्सीवरून. भाचीनं त्यावर लगेच चित्र केलं: ओल्या सदऱ्यातला उंदीर, कल्ल्यांसकट. नणंदेनं ते जपून ठेवलंय, हे मला तिच्या मुलाकडून कळलं.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. नणंद आली आणि आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, उखाणे घ्यायचे, पण यजमानांचे नाहीत." माझ्या शेजारणींना काही कल्पना नव्हती. नणंदेनं पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात घेतला:

"तळ्यात मारली उडी, सदरा झाला ओला,
डार्सीरावांचं नाव घेते, पंचा द्या हो त्याला!"

मी मागे हटते होय.

"साच्यात धोटा धावतो खटाखटा, खटाखटा,
थॉर्न्टनरावांचं नाव घेते, आता वाण वाटा!"

शांतता. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "अगं, तुमच्या ह्यांचं नाव बदललं का?" ह्यांनी त्याच वेळी तिळगुळाचा डबा घेऊन बाहेर यायचं मनावर घेतलं होतं. आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे डबा टीपॉयवर ठेवून उलट्या पावली आत गेले. वाण म्हणून मी पुस्तकात ठेवायच्या खुणा दिल्या होत्या, स्वतः रंगवलेल्या. आजींच्या खुणेवर ऑस्टेनचा कॅप्टन वेंटवर्थ होता. तो आता त्यांच्या हरिपाठात असतो.

या प्रकाराला बाहेर फॅन आर्ट म्हणतात. नाव नवं, उद्योग जुना. रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला (पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला) आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. पण घरच्या बायकांना छापलेली लक्ष्मी पुरली नाही. त्यांनी साडीला खरी जर लावली, गळ्यात मणी चिकटवले, मुकुटाला टिकल्या. माझ्या आजोळी अशी एक होती. तिच्या नथीत खरा मोती होता आणि तो कुणी लावला यावरून दोन आज्या शेवटपर्यंत भांडल्या. चित्रकारानं आपलं काम केलं, आता आमचं आम्ही करतो, हा त्यातला भाव. मूळ चित्र बिघडलं असेल, पण त्यानंतर ती लक्ष्मी आमच्या घरची झाली.

आणि स्वतः ऑस्टेनबाई यात कुणाच्या मागे नव्हत्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापून आलं जानेवारी १८१३ मध्ये. मे महिन्यात बाई लंडनला चित्रांचं प्रदर्शन पाहायला गेल्या आणि तिथे आपल्याच पात्रांच्या तसबिरी शोधत हिंडल्या. एलिझाबेथची थोरली बहीण जेन, म्हणजे मिसेस बिंगली, त्यांना सापडली: पांढरा झगा, हिरवे अलंकार, हुबेहूब. मग मिसेस डार्सीसाठी नजर भिरभिरली; ती पिवळ्यात असणार अशी त्यांची अटकळ. ती मिळेना. दुसऱ्या प्रदर्शनातही मिळेना. शेवटी बहिणीला पत्रात कळवलं की डार्सीला बायकोच्या चित्राचं इतकं अप्रूप असणार की तो ते चारचौघांत टांगूच देणार नाही. हे मी गटात सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "बघ! पिवळा! हळदीचा!" तिला प्रत्येक पुरावा आपल्याच बाजूचा वाटतो. पंथाचं तसंच असतं.

भाचीचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे वधू-वर सूचक मंडळाचे फॉर्म. डाव्या कोपऱ्यात फोटो, वर गणपती, सगळं रीतसर. डार्सी: वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड, स्वतःचं घर (घरात तळं), धाकटी बहीण अविवाहित, आईवडील हयात नाहीत, एक मावशी भरपूर हयात आहे. स्वभाव: कळायला वेळ लागतो. थॉर्न्टन: व्यवसाय कापड गिरणी, जागा भाड्याची, आई सोबत राहते. यापुढे भाचीनं कंसात लिहिलं होतं, "कायम राहील." या फॉर्मवर आमच्यातल्या बाकी चारही सासुरवाशिणींनी एका सुरात डार्सीला मत दिलं. मीसुद्धा क्षणभर डळमळले. थॉर्न्टनच्या आईला, हॅनाला, पाहिलं की सगळ्याजणींना आपापली कुणीतरी आठवते: काळे कपडे, ताठ मान, मुलगा जगात एकटाच. पण भाडेकरू थॉर्न्टनची पुढची गंमत अशी की शेवटी त्या जागेची मालकीण मार्गारेट होते. बुडालेला भाडेकरू आणि घरमालकीण यांचं लग्न! पागडीच्या चाळीत वाढलेल्या आम्हा लोकांना यापेक्षा रोमँटिक काही सांगू नका.

मधल्या काळात 'ब्रिजर्टन' आलं. त्याच्या २०२२ च्या दुसऱ्या हंगामात मुंबईहून शर्मा भगिनी लंडनला उतरतात आणि धाकटीला म्हणे मराठी येतं. गटात पेढे. आम्ही आठही भाग कान टवकारून बसलो की एकदा तरी "अगं बाई" म्हणेल. वडिलांना "अप्पा", थोरलीला "दीदी", धाकटीला "बोन". एका घरात इतक्या भाषा की जणू मुंबई सेंट्रलचा फलाट. वर ती सतार आणि "मारुली" वाजवते. मारुली म्हणजे काय यावर ताईंनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. मुरलीच असावी, असा निर्णय झाला. पण मामांनी मारुली नावाचं एक वाद्य कागदावर काढूनच दाखवलं. त्याला बारा तारा होत्या, भाता होता आणि गार्डची शिट्टी होती.

मामांवरून आठवलं. 'नॉर्थ अँड साउथ'चा शेवट कादंबरीत लंडनच्या घरात, चार भिंतींआड होतो. मालिकेनं तो रेल्वेच्या फलाटावर आणला. एक गाडी दक्षिणेकडे, एक उत्तरेकडे, मधल्या कुठल्याशा स्टेशनात दोन्ही थांबलेल्या; तो या गाडीतून, ती त्या गाडीतून. आम्ही हे दृश्य श्वास रोखून पाहतो. मामांनी पहिल्यांदा पाहिलं आणि लिहिलं, "वेळ झाली की गार्डनं शिट्टी द्यायची असते, चुंबन संपायची वाट बघायची नसते." ताईंचं दुखणं वेगळं. "भरफलाटावर! आणि त्याच्या गळ्याला गळपट्टासुद्धा नाही! त्या काळी ही बाई जन्माची बदनाम झाली असती." न्यू जर्सीहून उत्तर आलं, "ताईआजी, तेच तर." त्यावर परत निळ्या खुणा.

एक गोष्ट मात्र मी बरेच दिवस मनात धरून आहे. हे सगळं आम्ही त्यांच्या भूतकाळाशी करतो. 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती तेव्हा नाशिकच्या वहिनींनी सहा तास बसून शंभूराजांची रांगोळी काढली. गटात फोटो आला. सात नमस्कार आले, आणि बस. कुणी गंमत केली नाही. करायचं मनातही आलं नाही. आपला इतिहास पाटावर बसलेला असतो, समोर रांगोळी, उदबत्ती. त्याच्यासमोर आपण पदर घेऊन उभे. इंग्रजांचा इतिहास म्हणजे मावशीचं घर: फ्रिज उघडा, पाय वर घेऊन बसा, तिच्या नवऱ्याची टोपी घालून आरशात बघा. मी हे ताईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "त्यांची पोरं त्यांच्याच राजांशी असं वागतात. तुझ्या ऑस्टेननं पंधराव्या वर्षी इंग्लंडचा इतिहास लिहिला होता, सगळ्या राजाराण्यांची टिंगल करत. चित्रं बहिणीनं काढली." हे खरं आहे: १७९१ साल, कॅसँड्राची गोल चौकटीतली जलरंगातली डोकी. मी विचारलं, "आपल्यापैकी कुणी असं केलं असतं तर?" ताई म्हणाल्या, "माझ्या वर्गात?" आणि विषय तिथेच संपला.

म्हणून मी थॉर्न्टनकडेच परत आले. तिथे आपल्याला कोण विचारतंय, या भरवशावर.

या भरवशाला धक्का घरातच लागला. अण्णा, माझे सासरे, त्र्याऐंशीचे आहेत. साताऱ्याकडून सतराव्या वर्षी मुंबईला आले, बदली कामगार म्हणून गिरणीत लागले आणि मग साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे, कायम झाले. चार साचे सांभाळायचे. ज्या जागी ते सांभाळायचे तिथे आता काचेची इमारत आहे. तिच्यात काय चालतं ते आम्हाला माहीत नाही, कारण दारावरचा माणूस आत सोडत नाही. मी बाराव्यांदा मालिका लावली होती. अण्णा पेपर घेऊन खुर्चीत बसले होते. मार्गारेटनं गिरणीचं दार उघडलं, आत साच्यांच्या रांगा, हवेत कापूस बर्फासारखा तरंगतोय. दरवेळी इथे माझ्या अंगावर काटा येतो. अण्णांनी पेपर खाली घेतला.

"एवढा कापूस साचेखात्यात उडत न्हाई. कार्डिंगला उडतो."

मी आवाज बारीक केला. "अण्णा, हे इंग्लंड आहे."

"आन् साचे कुठनं आले आमच्याकडं?"

याला उत्तर नव्हतं. पुढे थॉर्न्टन एका कामगाराला पकडतो आणि बेदम मारतो, कारण तो गिरणीत चोरून ओढत असतो. हा प्रसंग पुस्तकात नाही, मालिकेचा आहे, आणि आमच्या पंथाला तो फार जड जातो. आमच्या नायकानं एका गरिबाला मारावं! नणंद दरवेळी हाच दगड उचलते. मी अण्णांना घाबरत घाबरत सांगितलं, हा आमचा हिरो. अण्णा शांतपणे म्हणाले, "कापसात ठिणगी? बरोबर मारला." मी हे ताबडतोब गटात टाकणार होते, तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "पण मालक स्वतः खात्यात? खोटं हाय. आम्ही मालकाची फक्त गाडी बघितली. ती पण मागनं."

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी बसू लागले. मी भाषांतर करायचे आणि त्यांना ते नको असायचं. "गप बस, दिसतंय की," म्हणायचे. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी मला उमगलं. साचेखात्यात इतका गदारोळ असतो की तिथे कुणी कानानं ऐकत नाही. ओठ बघतात, हातवारे करतात. लँकेशरच्या विणकरांच्या या बोलीला तर नावही होतं, मी-मॉ. अण्णांनी उभी नोकरी अशीच बोलत काढली. समोरच्या थॉर्न्टनचा चेहरा वाचायला त्यांना मी कशाला लागणार? दुसऱ्या भागाच्या मध्यातच त्यांनी सांगून टाकलं, "जीव हाय त्याचा तिच्यावर. तिला ठाव न्हाई. आईला ठाव हाय." आम्हाला हे कळायला तीन वेळा पाहावं लागलं होतं.

मग संप आला. मिल्टनच्या गिरण्या बंद पडतात, मालक आयर्लंडहून माणसं आणून कामाला लावतो, दारात जमाव येतो, मार्गारेट मध्ये पडते आणि दगड तिला लागतो. या दगडाची आम्ही किती चित्रं काढली असतील! वहिनींनी तर भाऊबीजेला मार्गारेटच्या कपाळावर कुंकू आणि जखम एकदमच दाखवली होती. अण्णा मात्र दगड मारणाऱ्यांकडे बघत होते. बाऊचर नावाचा एक कामगार आहे, घरात सहा पोरं, संप त्याला पेलत नाही. अण्णा त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो टिकायचा न्हाई." तो टिकत नाही.

"संप किती दिवस चालला यांचा?" त्यांनी विचारलं.

"काही आठवडे, अण्णा."

अण्णा हसले. "आमचा अजून मागं घेतलेला न्हाई."

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, अडीच लाख माणसं. मी तेव्हा लालबागला, शाळेत होते. भोंगा वाजायचा बंद झाला म्हणून सकाळी उशिरा उठायचे, तेवढंच मला आठवतं. मी टीव्ही बंद करू का विचारलं. "का? पुढं काय हुतं त्या पोराचं?" थॉर्न्टनला ते पोर म्हणायला लागले होते.

ताईंनी मध्येच एक हिशेब लावून दिला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३. मुंबईची पहिली कापड गिरणी काढायचा घाट कावसजी दावरांनी घातला तो १८५४ मध्ये. दोन वर्षांनी ती चालू झाली. आणि गॅस्केलबाईंची कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात सुरू झाली तेही १८५४ मध्ये. "म्हणजे तिकडे थॉर्न्टन बुडत होता तेव्हा इकडे त्याचा प्रतिस्पर्धी जमीन मोजत होता," असं ताईंनी लिहिलं आणि वर पागोट्याचं चित्र टाकलं. अबोल्यातही त्यांनी मुद्दा सोडला नाही.

अण्णांच्या धाकानं मी नवीन चित्र घेतलं. फेटा नाही, पागोटं नाही. थॉर्न्टन साचेखात्याच्या दारात, जसा आहे तसा. मी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेली बाई. सी ग्रेड. आर्मिटेजचं नाक फार लांब आणि सरळ आहे. ते जमलं तर थॉर्न्टन, नाही जमलं तर आमच्या बँकेचे एक माजी शाखाधिकारी. चार दिवस खोडून शेवटी मी ते अण्णांना दाखवलं.

"हा टाइमकीपर कोण?"

मी नाक आणखी थोडं वाढवलं.

"कापूस डोक्यावर असा फुलासारखा न्हाई बसत. भुवईत बसतो. पापणीत. मिशी असंल तर मिशीत." मी भुवया पांढऱ्या केल्या. थॉर्न्टन एकदम साठीचा दिसायला लागला. अण्णांना तो तसाच पसंत पडला. मग ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मागं, डाव्या हाताला, तिसऱ्या साच्यापाशी एक माणूस काढ. बारीक. गांधी टोपी."

काढला. रात्री गटात टाकला. नणंदेनं हृदय पाठवलं, जे तिनं थॉर्न्टनच्या चित्राला जन्मात कधी पाठवलं नव्हतं. मामांनी विचारलं, कुठली पाळी? ताईंचं उत्तर सकाळी आलं, अबोला सोडून, पूर्ण वाक्यात: "गांधीजींचा जन्म १८६९ चा आहे."

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना पटलं. "बरोबर हाय बाईंचं. टोपी पूस. पण साचा चालू दाखव."

चालू साचा पेन्सिलीनं कसा दाखवायचा, हे काही इंटरमिजिएटला नव्हतं. मी धोटा काढला, खोडला, परत जरा तिरका काढला, मागे वेगाच्या रेषा मारल्या. अण्णा चष्मा कपाळावर घेऊन बघत होते.

"धोटा काढूच नगंस," ते म्हणाले. "चालू साच्यावर धोटा दिसत न्हाई."